नकारांतील विलंब

गेल्या महिन्यांत नातीचा नवा पासपोर्ट घरीं आला. मुखपृष्ठावरील लहानशा सोनेरी चिन्हाकडे बोट दाखवून तिच्या आजीनें विचारलें, "हें काय?" आंत चिप असल्याची ती खूण. आपल्याकडे असे पासपोर्ट २०२४ सालापासून देऊं लागले.

या चिपेस स्वतःची बॅटरी नसते. वाचणारें यंत्र जवळ आणलें म्हणजे त्याच्याच लहरींतून शक्ति घेऊन ती बोलूं लागते. तसलें यंत्र आतां पुष्कळ मोबाइलांतहि असतें. मग कोणीहि पिशवीजवळ मोबाइल धरून नांव-छायाचित्र काढून घेईल काय? तसें होऊं नये म्हणून पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख व मुदतीची तारीख यांपासून एक किल्ली बनविण्याची युक्ति निघाली. हीं तिन्ही आंतल्या पानावर छापलेलीं असतात. म्हणजे ज्यास आपण तें पान उघडून दाखविलें, त्यासच चिपेनें उत्तर द्यावें.

युक्ति चांगलीच. परंतु २०१० सालीं बर्मिंगहॅम विद्यापीठांतील टॉम चोथिया व व्हिटाली स्मिर्नोव्ह यांनीं तींतील छिद्र दाखविलें. त्यांनीं किल्ली बनविली नाहीं कीं कुलूप फोडलें नाहीं. एका पासपोर्टाचें खऱ्या यंत्राशीं झालेलें संभाषण टिपून घ्यावयाचें आणि यंत्राचा तोच शिळा संदेश पुढें भेटेल त्या पासपोर्टास ऐकवावयाचा. नाकारतात सगळेच. पण परका पासपोर्ट मोहोर पाहूनच परतवितो. मूळ पासपोर्टास मोहोर आपली वाटते, तो संदेश उघडतो आणि मग नाकारतो. फ्रान्सच्या पासपोर्टांत नकाराचे शब्दच निराळे निघाले, इतर कांहीं देशांच्या पासपोर्टांत नकार किंचित् उशिरा येई. वर्गांत "खडू कोणी फेंकला?" म्हटल्यावर सारींच मुलें "मी नाहीं" म्हणत, एकाचें "मी नाहीं" श्वासभर मागाहून येई, आणि मी त्याच्याच बाकाकडे वळें!

नांव कळत नाहीं हें खरें. पण 'तीच व्यक्ति पुनः या दारांतून गेली' एवढें कळलें तरी, छळास कंटाळून घर सोडलेल्या एखाद्या बाईस तें पुरेसें घातक आहे. उपाय म्हणजे सर्वांस एकाच शब्दांत, एकाच वेळेनें नकार देणें.

हें सारें सांगत असतांना सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, तें पान मीं प्रवासवाल्यांना मोबाइलवरून पाठविलें आहे." म्हणजे किल्ली केव्हांच घराबाहेर गेली होती. आजीनें पासपोर्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवला. मीं डब्यावर मोबाइल धरून पाहिला. आंतून कांहींच उत्तर आलें नाहीं.