आभाळातली वहिवाट



ओझर, पिंपळगाव, दिंडोरी या पट्ट्यात ज्यांची बाग आहे त्यांना विमानाचा आवाज नवा नाही. गोडी छाटणी चालू असते, डोक्यावरून गडगडाट करीत लढाऊ विमान जाते, बाया-गडी मान वर करून पाहतात आणि पुन्हा कात्र्या चालू होतात. ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ साली आला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथेच जोडलेल्या तेजस मार्क-१ए ने पहिली भरारी घेतली. कारखान्याच्या त्याच धावपट्टीवर प्रवासी विमानेही उतरतात. इकडे गांधीनगरला लष्कराची शिकाऊ हेलिकॉप्टरे घिरट्या घालतात. देवळालीला तोफखान्याची शाळा. तिचे गोळेसुद्धा आभाळातूनच जातात.

एवढी मंडळी एका आभाळात. तिथे ना बांध, ना खुणेचा दगड. मग ती एकमेकांवर आदळत कशी नाहीत?

जुना उपाय डोळ्यांचा. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचे. वाटा आडव्या छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा असेल त्याने वाट द्यायची. नियम चांगला, पण डोळा दगा देतो. ट्रॅक्टर घेऊन हमरस्त्याला येताना पाहा. बाजूने येणारा ट्रक तुमच्या नजरेत पुढे किंवा मागे सरकत असेल तर तो निघून जाईल. तो एकाच जागी दिसत राहिला आणि नुसता मोठा होत गेला, तर धडक ठरलेली. विमानाच्या काचेतही असेच होते. आणि जे हलत नाही ते डोळ्याला चटकन दिसत नाही. गव्हातली चिमणी उडाली म्हणजे दिसते, बसली की दिसत नाही.

शिवाय वेळ कुठे असतो? उतरू लागलेले प्रवासी विमान ताशी ४६० किलोमीटरने आणि शिकाऊ छोटे विमान १८५ ने समोरून येत असेल, तर दर सेकंदाला अंतर १८० मीटरने तुटते. पाहणे, ओळखणे, ठरवणे आणि विमान वळवणे यांत बारा सेकंद सहज जातात. म्हणजे ते छोटे विमान दोन किलोमीटरवरच दिसायला हवे, आणि तेवढ्या अंतरावरून त्याचे पसरलेले पंख पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढे भरतात.

अमेरिकेत सॅन डिएगो शहरावर २५ सप्टेंबर १९७८ रोजी नेमके हेच झाले. प्रवासी विमानाच्या वैमानिकांना छोट्या विमानाची सूचना मिळाली होती, ते त्यांना दिसलेही होते. मग नजरेआड झाले. गेले असेल मागे, असे वाटले. १४४ माणसे गेली, त्यांतली ७ खाली जमिनीवरची. १९८६ साली लॉस एंजलिसजवळ एक छोटे विमान परवानगीवाचून विमानतळाच्या हद्दीत शिरले. त्याच्या यंत्रातून उंची कळत नव्हती. ८२ बळी, त्यांतले १५ खालच्या वस्तीतले.

आपल्याकडची आठवण याहून मोठी. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन मोठी विमाने धडकली. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते. ते १४ हजारांवर, सौदी विमानाच्या उंचीवर उतरले. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान दिसे, त्याची उंची दिसत नसे. ३४९ माणसे गेली. विमानांचे तुकडे शेतांत पडले, आणि सगळ्यांत आधी धावले ते गावकरीच.

म्हणून आभाळात वहिवाट उंचीने वाटून दिली आहे. पूर्वेकडे जाणाऱ्याने विषम हजार फूट, पश्चिमेकडे जाणाऱ्याने सम हजार. डोळ्यांवर भिस्त ठेवून उडणाऱ्या लहान विमानाने आणखी ५०० फुटांची फोड करायची. उंची मोजतात हवेच्या दाबावरून आणि दाब तर रोज बदलतो. तेव्हा मनोऱ्यातून सांगितलेला आकडा सगळ्यांनी आपापल्या यंत्रावर लावायचा. बाजार समितीत दोन काटे वेगवेगळे चालले तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको.

यावर आणखी एक यंत्र. विमान आपली उंची सतत बोलून सांगत असते. प्रवासी विमानातले यंत्र ते ऐकते आणि जवळ कोणी आले तर वैमानिकाला ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ असे ओरडून बजावते. चरखी दादरीनंतर आपल्या देशात ते सक्तीचे झाले. पण त्यात एक मेख आहे. समोरचा मुकाच असेल तर ऐकणार काय?

आता आभाळात तुमचाही मुका पाहुणा आला आहे. द्राक्षावर फवारणीचा ड्रोन आणि लग्नात फोटोचा ड्रोन. फवारणीचा वेलीवरून दोन-तीन मीटरवर फिरतो, त्याची धास्ती कमी. मला भीती वाटते ती लग्नातल्या हौशी पोराची, जो ‘किती वर जातो ते पाहू’ म्हणतो. तो ड्रोन स्वतःची उंची विमानाला सांगत नाही, आणि वैमानिकाला तो दिसत नाही.

२०२१ च्या नियमांप्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात, जागा निषिद्ध नसेल तर, २०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. त्याच्या बाहेर ही मर्यादा ४०० फूट आहे. ८ किलोमीटरच्या आत आलात की आधी विचारावे लागते. सरकारी नकाशात लाल रंग असेल तर केंद्र सरकारच्या मंजुरीवाचून तिथे ड्रोन सोडायचाच नाही. लष्करी जागांचे नियम आणखी वेगळे. ड्रोनवाल्याला इसार देण्याआधी तुमचा गट त्या नकाशात कोणत्या रंगात येतो ते त्याच्याकडून मोबाइलवर दाखवून घ्या. ओझरच्या आसपासच्या बऱ्याच बागा हिरव्या रंगात नाहीत.