चावरी मादी? आधी तारीख मोजा

पिंजऱ्यात हात घातला की सशाची मादी गुरगुरते, चावते. लगेच विकू नका. नराकडे नेऊन २५ दिवस झाले असतील तर ती गाभण असू शकते. साधारण ३१व्या दिवशी विते. २७-२८व्या दिवशी पेटी व सुके गवत ठेवा, मुलांना दूर ठेवा.

तारीख जुळत नसेल तर कान, दात, तळपाय पाहा. खरूज वा जखम दिसल्यास पशुवैद्यकाला दाखवा. कान धरून कधीही उचलू नका.

अशीच एक मादी मागे मी विकायला सांगितली. नव्या घरी ती चौथ्या दिवशी व्यायली; पेटी नव्हती, पिले गारठून गेली. चूक माझी होती. तुम्ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा.