बाहेरून आणा

मध्यंतरी मामाला सरकारी रुग्णालयात ठेवलं होतं. (कोणतं ते विचारू नका. तिथल्या सिस्टर आणि निवासी डॉक्टरांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी मामीच्या हातात चिठ्ठी आली. एक इंजेक्शन, दोन सलाईनचे सेट. "स्टॉक नाही, बाहेरून आणा." मी गेटबाहेर पडलो, रस्ता ओलांडला. समोरच्या मेडिकलमध्ये सगळं होतं, पाच मिनिटांत मिळालं. म्हणजे टंचाई शहरात नव्हतीच, होती ती फक्त गेटच्या आत!

आम्हा लोअर परळवाल्यांना याचा राग जरा जास्तच येतो, कारण या गोंधळातला मोठा अंक आमच्या शेजारीच घडला. आमच्या घरून चालत निघालं तर अर्ध्या तासात हाफकिन येतं. प्लेगच्या लशीचं, सर्पदंशाच्या औषधाचं, पोलिओच्या डोसाचं हाफकिन. केवढा अभिमान आम्हाला! २०१७ साली राज्य सरकारने ठरवलं की सरकारी रुग्णालयांची औषधं आणि यंत्रसामग्री हाफकिन महामंडळानेच एकत्रित खरेदी करावी.

एकत्र खरेदीत चूक काहीच नाही. घाऊक घेतलं की भाव उतरतो हे लालबागच्या मसाला गल्लीत मिरची घेणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. पण लस बनवणं वेगळं आणि शेकडो वस्तूंच्या निविदा काढून माल गडचिरोलीपर्यंत पोचवणं वेगळं. उत्तम सुगरण आहे म्हणून तिला कोणी बाजार समितीचा हिशेब सांभाळायला बसवतं का? मागणी उशिरा, पैसे उशिरा, मग फेरनिविदा... कॅगनेही या विलंबावर बोट ठेवलं. अखेर २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण गेले. औषधं नव्हती असा आरोप झाला, रुग्णालयाने तो नाकारला, आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

आता कोणी म्हणेल, झालं ना प्राधिकरण, मग ओरड कसली? ओरड अशी की पाटी बदलली, मोजमाप तेच राहिलं. निविदा ऑनलाइन निघाली, सर्वात कमी दर निवडला, फाईल बंद. औषध कपाटात कधी पोचलं हे कोण बघतं?

तामिळनाडूने १९९४ साली महामंडळ काढलं तेव्हा दरापाशी थांबले नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं उभारली. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिलं, त्यातल्या रकमेएवढा माल गोदामातून उचलायचा. नमुने तपासणीला जातात ते कंपनीचं नाव झाकून. यात अवकाशशास्त्र कुठे आहे? पासबुक तर आमच्या चाळीतल्या भिशीलाही होतं.

माझी मागणी अगदी छोटी आहे. त्या चिठ्ठ्या मोजा. "बाहेरून आणा" लिहिताना डॉक्टरने एक प्रत रुग्णालयात ठेवायची आणि दर महिन्याचा आकडा औषधाच्या नावासकट दारावर लावायचा. मंत्रालयात नोकरी केलेले आमचे एक नातेवाईक म्हणतात, "अरे, डॉक्टरांनाच ठरावीक कंपनीचं औषध हवं असतं, म्हणून लिहून देतात." असेल, काका. काही ठिकाणी असेलही. पण मोजलंत तर तेही कळेलच की! आज दोष निविदेचा की वाहतुकीचा की डॉक्टरचा, हे कोणालाच सांगता येत नाही आणि सगळ्यांचीच सोय होते. पैसे मात्र मामीच्या पर्समधून जातात, आणि सरकारच्या कुठल्याच हिशेबात ते दिसत नाहीत.

असो. मामा आता बरा आहे, पुन्हा कॅरम खेळायला लागलाय. तुमच्यापैकी कोणाकडे अशा चिठ्ठ्या असतील तर तारखेसकट जपून ठेवा. मामी आमच्या तीन फाडून टाकायला निघाली होती, मी काढून घेतल्या.