बंगळुरूचे छोटे दुकानदार आणि यूपीआयची एकतर्फी खातेवही

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूतील अनेक किराणा दुकाने, बेकऱ्या आणि चहाच्या टपऱ्यांवरून क्यूआर कोड दिसेनासे झाले. ‘फक्त रोख’ असे लिहिलेले कागद त्यांच्या जागी लागले. माहिती तंत्रज्ञानाची राजधानी म्हणवणाऱ्या शहरातील व्यवहार रोखीकडे वळण्याचे कारण होते, कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने पाठवलेल्या नोटिसा.

विभागाने यूपीआय सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून २०२१-२२ ते २०२४-२५ या चार आर्थिक वर्षांची माहिती मिळवली होती. ज्यांची जमा रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर गेली होती, पण वस्तू व सेवा कराखाली म्हणजे जीएसटीखाली ज्यांची नोंदणी नव्हती, अशा हजारो व्यापाऱ्यांकडे खुलासा मागण्यात आला. अनेक नोटिसांतील कराची रक्कम लाखांच्या घरात होती. संतप्त व्यापाऱ्यांनी २५ जुलै रोजी बंदची हाक दिली.

कायदा काय सांगतो

वस्तूंच्या विक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपेक्षा जास्त झाल्यास, तसेच सेवांची २० लाखांपेक्षा जास्त झाल्यास जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते. वस्तूंसाठीची ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून लागू आहे. ४० लाख हा आकडा मोठा वाटला तरी तो दिवसाला सुमारे ११ हजार रुपयांच्या विक्रीने गाठला जातो. वर्दळीच्या चौकातील दुकानाला ही विक्री अवघड नाही. शिवाय ही रक्कम विक्रीची असते, नफ्याची नव्हे. दुधाच्या पिशवीवर सुटणारे पैसे अत्यल्प असले तरी उलाढालीत पिशवीची पूर्ण किंमत धरली जाते.

छोट्या व्यावसायिकांसाठी कायद्यात सवलतीचा मार्गही आहे. दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला कंपोझिशन अर्थात आपसमेळ योजनेत करपात्र विक्रीवर केवळ एक टक्का कर भरावा लागतो. त्याला ग्राहकाकडून कर वसूल करता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. मात्र हिशेबाचे काम पुष्कळ सोपे होते.

खरी अडचण कोठे आहे

ही योजना आधी निवडावी लागते. नोंदणीच न केलेल्या दुकानदाराला चार वर्षांनंतर तिच्यात मागे जाऊन सामील होता येत नाही. त्याच्यावर सर्वसाधारण दराने आकारणी होण्याचा धोका असतो. उदाहरणादाखल, वर्षाला ६० लाखांची करपात्र विक्री करणाऱ्या दुकानदाराला आपसमेळ योजनेत ६० हजार रुपये भरावे लागतील. त्याच विक्रीवर सरसकट १८ टक्के आकारणी झाल्यास १० लाख ८० हजार रुपये होतात. चार वर्षांचे मिळून हे देणे ४३ लाखांवर जाते. पाच टक्के नफ्यावर चालणाऱ्या दुकानाची तेवढ्या काळातील एकूण कमाई केवळ १२ लाख असते.

दुसरी अडचण पुराव्याची आहे. यूपीआयच्या नोंदीत जमा रक्कम दिसते. कोणता माल विकला, तो कितीला घेतला, हे दिसत नाही. नातेवाइकांनी पाठवलेले पैसे आणि मित्राने परत केलेली उसनवारीही त्याच खात्यात जमा होते. ज्याने खरेदीची बिले जपलेली नाहीत, त्याच्या व्यवसायाची हीच एकमेव खातेवही ठरते आणि तिला जमेचीच बाजू असते.

हावेरी येथील एका भाजीविक्रेत्याचे प्रकरण त्यामुळेच देशभर गाजले. चार वर्षांतील १ कोटी ६३ लाख रुपयांच्या व्यवहारांसाठी त्याला २९ लाखांची नोटीस मिळाल्याच्या बातम्या आल्या. हे प्रमाण जवळपास १८ टक्के भरते. वास्तविक ताज्या भाजीपाल्यावर जीएसटी नाही आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीचीही सक्ती नाही. वर्षाची सरासरी काढल्यास त्याची उलाढाल ४० लाखांच्या मर्यादेच्या जेमतेम वर होती.

विभागाची बाजू

कर विभागाच्या म्हणण्यातही तथ्य होते. नोटीस ही अंतिम आकारणी नसून खुलासा देण्याची संधी आहे, तसेच उलाढालीत रोख विक्रीही धरली जाते, असे अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले. म्हणजे क्यूआर कोड काढल्याने कायदेशीर जबाबदारी टळत नाही. शेजारचा नोंदणीकृत दुकानदार कर भरत असताना तेवढाच धंदा करणाऱ्या दुसऱ्याने तो टाळावा, हेही न्याय्य नाही.

मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी २३ जुलै २०२५ रोजी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींशी चर्चा केली. जे व्यापारी यापुढे नोंदणी करतील त्यांच्याकडून जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, असे आश्वासन त्यांनी दिल्यावर बंद मागे घेण्यात आला. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून देशभर जीएसटीचे दर बदलले; बिस्किटे, फरसाण यांसारख्या पदार्थांवरील कर पाच टक्क्यांवर आला. १ नोव्हेंबरपासून कमी जोखमीच्या अर्जदारांना तीन कामकाजी दिवसांत नोंदणी देण्याची व्यवस्थाही सुरू झाली. मात्र या फेररचनेत नोंदणीच्या मर्यादेत बदल झाला नाही.

महाराष्ट्रातही वस्तूंसाठी हीच मर्यादा आहे. त्यामुळे पुण्या-नागपुरातील टपरीचालकासाठीही बंगळुरूचा अनुभव महत्त्वाचा आहे. खरेदीची बिले जपणे, धंद्याचे खाते घरखर्चापासून वेगळे ठेवणे आणि मर्यादा जवळ येताच आपसमेळ योजनेचा विचार करणे, एवढी दक्षता त्याने घ्यायला हवी.

शासनाच्या हातीही एक सोपा उपाय आहे. जी माहिती चार वर्षांनी नोटीस पाठवण्यासाठी उपयोगी पडली, तीच पहिल्या वर्षी सूचना देण्यासाठी वापरता येते. त्या वेळी दुकानदारापुढे एक टक्क्याचा मार्ग खुला असतो. सूचनेला उशीर झाला, तर ज्याने रोखीऐवजी नोंद राहणारा व्यवहार स्वीकारला, त्याच्याच दारात नोटीस आधी पोहोचते.