जुन्या चित्रपटातले बादशाह खान

विठ्ठलभाई झवेरी यांचा ‘महात्मा’ हा १९६८चा माहितीपट, लांबी पाच तासांहून अधिक. वर्गात तुकड्या-तुकड्यांनी दाखवतो. परवा गांधीजींशेजारी उंच पठाण दिसले. नववीतल्या मुलीने विचारले, “सर, हे कोण?”

खान अब्दुल गफ्फार खान! १९३४मध्ये सुटले, पण सरहद्द प्रांतात आणि पंजाबात जायला मनाई. मग जमनालाल बजाज यांच्याकडे वर्ध्यात राहिले. मुंबईतल्या एका भाषणावरून डिसेंबरात पुन्हा अटक झाली, तीही वर्ध्यातच.

वर्गात कुणालाच ठाऊक नव्हते. ताजमहालाविषयीची पु. ना. ओकांची उपपत्ती मात्र मोबाईलवरून सगळ्यांना पाठ. ओकांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली, हे त्या मोबाईलवर आले नव्हते.

मुलगी म्हणाली, “आपल्याच वर्ध्यात?” तो भाग पुन्हा लावावा लागला.