पेनड्राइव्ह लावताय? जरा थांबा!

बालमित्रांनो, आपल्या मंचरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बऱ्याच शाळांत आता प्रोजेक्टर नाहीतर स्मार्ट टीव्ही आहे. कुठे तो लोकवर्गणीतून आलेला असतो. बिघडला तर दुसरा काही लगेच मिळत नाही. म्हणून त्याचं फर्मवेअर बदलण्याआधी आत काय घडतं ते पाहू.

रिमोटचं बटण दाबलं की काय करायचं, चित्र कुठून घ्यायचं, हे यंत्राला सांगणाऱ्या सूचना म्हणजे फर्मवेअर. त्या राहतात फ्लॅश मेमरीत. तोशिबा कंपनीतले जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत ती शोधून काढली. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तसा तिच्यातला मजकूर झटक्यात पुसला जातो, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने हे नाव सुचवलं. गंमत वाटली ना? पण धोका इथंच आहे बरं का! नवं लिहिण्याआधी जुनं पुसावं लागतं. फळा पुसून झाला, नवा धडा अर्धाच लिहिला आणि तेवढ्यात वीज गेली, तर यंत्राला ना जुनं आठवतं, ना नवं. पडदा काळाच! काही यंत्रांत जुनी प्रत राखलेली असते, पण सगळ्यांत नाही.

म्हणून वळवाचं आभाळ भरून आलं असेल तर हे काम उद्यावर टाका. इन्व्हर्टर असेल तर उत्तमच. आणि गुरुजी किंवा बाई जवळ हव्यातच.

आता पेनड्राइव्ह. यंत्राच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी फाइल वेगळी असू शकते. ती कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यायची, मित्राच्या मोबाइलमधून नव्हे! पेनड्राइव्ह बहुधा 'फॅट ३२' पद्धतीचा लागतो. तसा करताना त्यातलं सगळं पुसलं जातं, तेव्हा स्नेहसंमेलनाचे फोटो आधी दुसरीकडे ठेवा. झिप फाइल उघडून मगच आतली फाइल त्यात ठेवायची. नाव मात्र बदलायचं नाही. एलजीच्या टीव्हीला ठरावीक नावाचा फोल्डरही लागतो, तेव्हा कंपनीची सूचना वाचाच.

काम चालू असताना पट्टी मध्येच अडकल्यासारखी वाटते. वाटू द्या, बटणाला हात लावू नका. यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं, की मेनूत नवा आवृत्ती क्रमांक वाचा आणि मग पेनड्राइव्ह काढा.