आज्ञावली झटपट, पण हिशेबाचा धनी कोण?

सांगली जिल्ह्यातील कुंडल परिसरात गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेली वाहने क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. पुढे राज्यातील इतर कारखान्यांप्रमाणेच सारे घडते. वाहन काट्यावर चढते, वजन होते, पावती हाती पडते आणि ऊस गव्हाणीत जातो. त्यानंतर काही दिवसांनी शेतकऱ्याच्या बँक खात्यात रक्कम जमा होते. काटा आणि बँक यांच्यामधला प्रवास आता कारखान्यांच्या संगणकातून होतो. वजन, दर, तोडणी-वाहतुकीची कपात आणि सोसायटीच्या कर्जाची वसुली हे सारे एका आज्ञावलीने ठरते. ती आज्ञावली बरोबर आहे की नाही, हे तपासण्याचे साधन शेतकऱ्याच्या हाती नसते.

अशा आज्ञावल्या लिहिण्याचे काम जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने होऊ लागले आहे. हवे ते साध्या भाषेत सांगावे आणि यंत्राने क्षणात आज्ञावली लिहून द्यावी, या पद्धतीला २०२५ च्या फेब्रुवारीत ‘व्हाइब कोडिंग’ असे नाव मिळाले आणि त्याच वर्षी कॉलिन्स शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. पूर्वी ज्या बदलाला तीन आठवडे लागत, तो एका दुपारी होत असेल तर त्याचे स्वागतच व्हायला हवे. मात्र ज्या कामात नियमच वरचेवर बदलतात, तेथे या वेगाचा अर्थ नीट तपासून घ्यावा लागतो. उसाचे बिल हे असेच काम आहे.

दर हंगामाला नवा नियम

केंद्र सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, २०२२-२३ मध्ये क्विंटलला ३०५ रुपये होता. तो पुढे ३१५, मग ३४० आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी ३५५ रुपये झाला. त्यापूर्वी २०२१-२२ मध्ये हा दर १० टक्के साखर उताऱ्यासाठी होता. नंतर आधारभूत उताराच १०.२५ टक्के करण्यात आला. २०२५-२६ मध्ये त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ मिळते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत रक्कम द्यावी लागते आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते.

आकड्यांचे बदल तुलनेने सोपे असतात. पद्धतच बदलली की खरी अडचण सुरू होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने एफआरपी दोन टप्प्यांत देण्यास मुभा दिली. पहिला हप्ता आधारभूत उताऱ्यावर, तर अंतिम हिशेब चालू हंगामाच्या प्रत्यक्ष उताऱ्यावर, अशी ती रचना होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द ठरवला आणि मागील हंगामाच्या उताऱ्यानुसार एकरकमी दराची पद्धत पुन्हा प्रस्थापित झाली. यात इथेनॉलची भर पडते. बी-हेवी मळीपासून इथेनॉल काढल्यास साखरेचा उतारा कमी दिसतो, ती घट मिळवूनच शेतकऱ्याचा दर काढावा लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर निर्बंध आणले, तेव्हा हंगाम ऐन भरात येत होता.

चूक कोठे लपते

समजा, एखाद्या कारखान्याचा मागील हंगामाचा उतारा १२ टक्के आहे. २०२५-२६ च्या दराने क्विंटलला ४१५ रुपये ५५ पैसे, म्हणजे टनाला ४,१५५ रुपये ५० पैसे होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. पण दोन टप्प्यांच्या काळातील एखादी ओळ आज्ञावलीच्या कोपऱ्यात तशीच राहिली आणि हिशेब १०.२५ टक्क्यांवरच निघाला, तर आकडा ३,५५० रुपये येतो. टनामागे ६०५ रुपये ५० पैशांचा फरक. शंभर टन ऊस घालणाऱ्याच्या बिलात तो ६० हजार ५५० रुपयांचा होतो. संगणक अशा वेळी कोणतीही तक्रार करत नाही. बिल नीटनेटके छापले जाते आणि बेरीजही अचूक असते. चुकलेला असतो तो केवळ नियम.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा धोका नेमका येथे आहे. शेती खात्यातून ‘दर बदलला, दुरुस्ती करा’ असा निरोप आला की जुन्या पद्धतीचा अनुभवी प्रोग्रामर दोन-चार प्रश्न विचारत असे. उतारा कोणत्या हंगामाचा धरायचा? बदल कोणत्या तारखेपासून? आधी गाळलेल्या उसाचे काय? यंत्राला स्पष्टपणे सांगितले नाही, तर बहुतेक वेळा ते प्रश्न न विचारता सुसंगत वाटेल असे गृहीतक धरते आणि काम पुढे रेटते. सप्टेंबर २०२५ अखेरीस राज्याने गाळपावर टनामागे १५ रुपयांची आकारणी ठरवली, तेव्हा ही रक्कम शेतकऱ्याच्या बिलातून जाणार की कारखान्याच्या नफ्यातून, यावर मोठा वाद झाला. ती कारखान्यांनी द्यायची आहे, असे मुख्यमंत्र्यांना स्पष्ट करावे लागले. ज्या प्रश्नावर माणसांमध्येच गोंधळ होता, त्याचे उत्तर ‘टनामागे १५ रुपये धरा’ एवढ्या वाक्यावरून यंत्राने स्वतःच ठरवून टाकले असते.

संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्येच मांडले होते की सॉफ्टवेअरमधील अवघड भाग ते लिहिणे हा नसून नेमके काय हवे ते ठरवणे हा आहे. चाळीस वर्षांनंतर लिहिणे जवळजवळ फुकट झाले. ठरवण्याचे ओझे मात्र तसूभरही हलके झालेले नाही.

वेगाचा भास

वेगाचा दावाही सरसकट खरा मानता येत नाही. अमेरिकेतील ‘मेटर’ या संशोधन संस्थेने २०२५ च्या प्रारंभीची साधने देऊन १६ अनुभवी प्रोग्रामरांकडून २४६ कामे करून घेतली. साधनांच्या मदतीने केलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला. तरीही आपले काम २० टक्के लवकर झाले, असेच त्या प्रोग्रामरांना वाटत होते. हा अभ्यास लहान आहे आणि साधने तेव्हापासून सुधारली आहेत. पण कामाचा भास आणि प्रत्यक्ष काम यांत अंतर पडू शकते, हे त्यातून दिसते. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’च्या २०२५ च्या पाहणीत ८४ टक्के प्रोग्रामर ही साधने वापरत होते किंवा वापरणार होते, त्यांच्या अचूकतेवर भरवसा नसलेल्यांचे प्रमाण मात्र ४६ टक्के होते. ‘जवळजवळ बरोबर’ उत्तर ही त्यांची सर्वांत मोठी तक्रार होती. उसाच्या बिलात जवळजवळ बरोबर असे काही नसते.

संगणकावर आंधळा विश्वास ठेवल्यास काय होते, हे ब्रिटनने अनुभवले. तेथील टपाल खात्याच्या ‘होरायझन’ प्रणालीने दाखवलेली तूट खरी मानली गेली आणि १९९९ पासूनच्या दीड दशकात नऊशेहून अधिक टपाल केंद्रचालक दोषी ठरले. दोष प्रणालीत होता. हे शिक्कामोर्तब होऊन बहुतेकांची शिक्षा रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ साल उजाडले. त्या प्रणालीत कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. आता आज्ञावली लिहिणाऱ्यालाही ती कशी चालते हे ठाऊक नसेल, तर दोष सापडणे आणखी कठीण होईल.

उपाय हाताशी आहेत

यावर बंदी हा उपाय नव्हे. कुंडलच्या शेजारी १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीने यंत्रयुगाचा धडा या भागाला फार पूर्वी दिला आहे. ओतकामात साचा चुकला तर त्यातून निघणारा प्रत्येक नग चुकतो, म्हणून साचा आधी तपासला जातो आणि तयार पंप बाहेर पाठवण्यापूर्वी चालवून पाहिला जातो. हीच शिस्त आज्ञावलीला लावायची आहे.

पहिली गोष्ट, प्रत्येक बदलाची लेखी नोंद हवी: शासन निर्णय कोणता, तो कोणत्या तारखेपासून लागू, संदिग्ध मुद्द्याचा निर्णय कोणी घेतला. दुसरी, जुना नियम पुसून नवा लिहू नये. दोन्ही आपापल्या तारखांसह जपावेत, म्हणजे न्यायालयाने एखादा निर्णय फिरवला तरी मागील हिशेब पुन्हा मांडता येतो. तिसरी, मागील तीन हंगामांची तपासलेली बिले नव्या आज्ञावलीतून पुन्हा काढावीत. त्या त्या वर्षीच्या नियमाने एका पैशाचाही फरक आला तर बदल थांबवावा. नव्या नियमासाठी नमुन्याची काही बिले शेती व लेखा विभागांनी हाताने काढून ठेवावीत. चौथी, ज्या यंत्राने आज्ञावली लिहिली त्याच्याच चाचण्यांवर विसंबू नये. विद्यार्थ्याने स्वतःचाच पेपर तपासण्यासारखे ते होईल. आणि पाचवी, बदल लागू करण्याच्या कागदावर एका जबाबदार माणसाची सही हवी.

एवढी यंत्रणा लहान संस्थांना परवडेल का, हा रास्त प्रश्न आहे. उत्तराचा एक भाग कृत्रिम बुद्धिमत्तेतच आहे. ‘आज्ञावली लिही’ असे सांगण्यापूर्वी ‘या शासन निर्णयात कोणते मुद्दे अस्पष्ट आहेत ते सांग’ असे विचारले, तर तेच साधन प्रश्नांची उपयुक्त यादी देऊ शकते. उत्तरे मात्र संचालक मंडळाने, लेखापालाने आणि शेती अधिकाऱ्यानेच द्यायची आहेत. वाचलेल्या तीन आठवड्यांपैकी एक आठवडा तपासणीला दिला, तरी दोन आठवड्यांचा लाभ उरतोच.

याखेरीज एक साधी सुधारणा कोणताही कारखाना करू शकतो. बिलावर केवळ अंतिम रक्कम न छापता उतारा कोणत्या हंगामाचा, तो किती, दर कोणता आणि कपात कशाची, हे चार ओळींत मराठीत छापावे. हजारो शेतकऱ्यांच्या नजरेखालून गेलेली चूक फार काळ टिकत नाही.

कुंडल हे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र होते. गावातील तंटे गावासमोर सोडवण्याची आणि सत्तेकडे जाब मागण्याची परंपरा या भागाला आहे. उद्या एखादा ऊस उत्पादक खिडकीशी येऊन ‘हा आकडा कसा आला?’ असे विचारील, तेव्हा ‘संगणकाने काढला’ हे उत्तर त्याला पुरणार नाही. हिशेब उलगडून सांगू शकेल असा माणूस त्या खिडकीमागे असला पाहिजे.